मागच्या सीटवरची झोप

“मग मी डबा बडवते ना तुमच्या उशाशी. आवाजच हवाय ना?” बायको म्हणाली आणि तिनं भाजी चिरायची सुरी खाली ठेवली. सुरी खाली ठेवली म्हणजे भांडण आता सवडीनं होणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“डब्याचा आवाज वेगळा,” तो म्हणाला. “उगीच काहीतरी बोलू नकोस.”

“उगीच मी बोलतेय?” बायको लेकीकडे वळली. “ऐकलंस? सकाळपासून एकच धोशा. इंजिन नवं बसवायचं, पण खडखड जुनीच पाहिजे. उद्या दात नवे बसवून घेतील आणि डॉक्टरला म्हणतील, दुखायला मात्र पूर्वीसारखे दुखले पाहिजेत.”

“आई, हळू. आत्ता कुठं डोळे मिटलेत.” खांद्यावर तान्ह्या मुलीला घेऊन लेक स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते डोळे उघडले, आणि घरात जे सुरू झालं त्यापुढे सुरी, डबा, इंजिन सगळं मागं पडलं.

“बघ,” तो म्हणाला. “टकटक असती तर एव्हाना गाढ झोपली असती.”

 आणि ते खरं होतं. या घरात झोप न येणाऱ्या पोराला थोपटत नसत, अंगाई म्हणत नसत. गाडीत घालून एक फेरी मारून आणत. लेकही अशीच मोठी झाली होती. आता तिचा नवरा कामासाठी दूर, ती तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आलेली, आणि गाडी मात्र अंगणात डोळे मिटून उभी.

त्याला गल्लीतले सगळे नंबरकाका म्हणत. कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं, रुंदीला कमी आणि आत खोल, एखाद्या पेटीसारखं. पुढं फ्रेमा टांगलेल्या, मागं काळा पडदा, पडद्यामागं खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर लहान लहान होत जाणारी अक्षरं. गिऱ्हाईकाच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवायची, तीत एक काच घालायची आणि विचारायचं, “हे बरं, का हे?” आयुष्यभर त्यानं हाच प्रश्न विचारला होता. घरीही सुटत नसे. बायको नवी साडी नेसून समोर आली तरी तोंडातून तेच निघे, आणि ती म्हणे, “डोळे मिटून सांगा, तेवढंच खरं असेल.”

हे काम त्याला वडलांनी शिकवलं. वडलांचा एकच नियम होता. काच एका वेळी एकच बदलायची. दोन बदलल्या की कशानं दिसायला लागलं ते कळत नाही, मग माणूस जन्मभर चुकीच्या काचेचे आभार मानत बसतो.

वडलांचं दुकान नव्हतं. त्यांची गाडी हेच दुकान. वरून सायीच्या रंगाची, खालून जांभळी, पुढं दोन गोल दिवे आणि मधे हसल्यासारखी जाळी. काचांची पेटी पुढच्या सीटवर आणि पोरं मागच्या. आई सतत आजारी, म्हणून सुटीत पोरांना गाडीत घालून ते गावोगाव चष्मे लावत फिरायचे. संध्याकाळी परतीचा रस्ता. पेटीतल्या काचा मंद किणकिणायच्या, बाहेरची झाडं एकमेकांत मिसळून हिरव्या धुरासारखी मागं जायची, आणि बोनेटखालून येणारी ती टकटक. जोरात नाही. कुणीतरी दूरच्या खोलीत नखानं टेबल वाजवत विचार करत बसलंय, तशी. चढाला ती दाट व्हायची, उताराला विरळ. त्या उताराच्या विरळ टकटकीतच त्याचे डोळे मिटायचे. वडलांच्या मानेमागची केसांची वळलेली रेघ हे त्याला झोपेआधी शेवटचं दिसे. जाग यायची ती थेट अंथरुणात. कुणी उचललं, कुणी बूट काढले, काही कळायचं नाही. रस्ता आणि अंथरूण यांच्यामधला तुकडाच आयुष्यातून कुणी हळुवार कापून नेलेला.

एकदा एका गॅरेजवाल्यानं न सांगता ती टकटक घालवली. टॅपेट म्हणून इंजिनात एक भाग असतो, त्याच्यात बारीकशी फट ठेवावी लागते. या गाडीत ती वाजवीपेक्षा जास्त झाली होती. त्यानं ती आवळली, भल्या मनानं, वर हसून सांगितलंही. गाडी मांजरासारखी चालायला लागली आणि घरातली पोरं घुबडासारखी जागी राहायला लागली. वडील गाडी घेऊन परत गेले. “मिस्त्री, होती तशी सैल करून द्या,” म्हणाले. मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिला. “साहेब, माझ्याकडे लोक आवाज बंद करायला येतात.” पण दिली करून. तेव्हापासून गाडी कुठंही दुरुस्तीला गेली की या घरातली माणसं आधी सांगून ठेवायची, बाकी काय ते करा, टॅपेटला हात लावू नका.

वडील गेले ते पावसाळ्यानंतरच्या एका दुपारी, गाडी सावलीत नीट लावून, काचा वर करून. धाकट्या बहिणीला त्या संध्याकाळी झोप येईना. घरात माणसं जमलेली, कुणाचं लक्ष नाही. मिसरूड फुटलेल्या त्या पोरानं किल्ली घेतली, तिला मागं झोपवलं आणि गाडी काढली. त्या दिवशी तो पुढच्या सीटवर बसला, तो तिथंच राहिला. बहिणीला झोपवलं, पुढं लेकीला झोपवलं, लग्नाकार्याहून परतताना घरादाराला झोपवलं. आरशात पाहिलं की मागं माना कलंडलेल्या असायच्या. आपली स्वतःची झोप मात्र तेव्हापासून पातळ झालीय, हे त्याला ठाऊक होतं. विरलेल्या चादरीसारखी. एक टोक ओढावं तर दुसरीकडून उघडं पडायचं.

तरी टकटक होती तोवर चालून जायचं. दुकान बंद करून गाडीची एक चक्कर मारली की रात्रीपुरता मऊपणा अंगात यायचा. मग एका चढावर वाफेचा लोट उठला, ब्लॉकला तडा गेला आणि इंजिन संपलं. तेव्हापासून गाडी अंगणात असली की तो संध्याकाळी तिच्यात ड्रायव्हरच्या सीटवर बसे. हात स्टीअरिंगवर, डोळे मिटलेले. मनातल्या मनात रस्ता काढायचा. तळ्याकडचं वळण, मग पूल, मग लांबलचक उतार. सगळं यायचं, झाडंही मागं जायची, फक्त टकटक यायची नाही. आणि तेवढ्यात बायको बोनेटवर ओल्या उशा वाळत घालायची.

“अहो, आत आहात होय? मला वाटलं रिकामी आहे.”

बायकोचं आणि गाडीचं पहिल्यापासून बरं नव्हतं. तिला गाडी लागायची. लग्न होऊन ती या घरात आली तीच मुळी वळणावळणाला गाडी थांबवत. “नवरी उतरली तेव्हा हळदीनं पिवळी होती का गाडीनं, ते कुणाला कळलं नाही,” असं ती स्वतःच सांगायची. जायचंच झालं तर पुढं बसायची, काच खाली करून, जबडा आवळून, समोरच्या रस्त्याकडे शत्रूकडे बघावं तशी बघत.

इंजिन गेल्यावर तो पहिल्यांदा गेला एका चकचकीत ठिकाणी. तिथं काचेची भिंत होती, आतल्या गारव्यानं त्याच्या चष्म्याच्या काड्या गार पडल्या. टाय लावलेल्या मुलानं संगणकात गाडीचं नाव घातलं, मग परत घातलं, मग शेजारच्याला बोलावून दाखवलं. “सर, असं काही आमच्यात नाहीच,” तो म्हणाला, अगदी आदरानं. “तुम्ही हिच्यात झाडं लावा ना. बोनेट उघडून माती भरायची. लोक लावतात. फार छान दिसतं.”

दुसरं गॅरेज गावाबाहेर, पत्र्याच्या मोठ्या शेडमधे. तिथल्या मालकाची जीभ गोड. “जुनं इंजिन आहे एकाकडे, माणूस पाठवलाय,” असं तो सांगे, आणि तो माणूस जन्मभर वाटेतच असे. त्या शेडमधे गाड्या रांगेनं उभ्या होत्या, धुळीची पांघरुणं ओढून; त्यांतच आता त्याचीही. नंबरकाका दर सुटीच्या दिवशी जायचा. तिथं जाऊन बसणं त्याला आवडायला लागलं होतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली यायच्या, कुठल्याशा गाडीत मांजर व्यालेली, आणि जिकडं तिकडं अशी शांतता की बोलायचं ते कुजबुजून. आपण गॅरेजमधे आलोय की झोपेच्या आतल्या अंगाला, हेच त्याला कळेनासं व्हायचं. एके दिवशी त्याच्या गाडीच्या बंपरमधून वेलीचा एक तंतू आत शिरलेला दिसला. त्यानं तो दोन बोटांनी बाजूला केला आणि त्याच दिवशी गाडी दोर बांधून परत आणली.

तिसऱ्या गॅरेजवाल्याला सगळे मामा म्हणत. पोटानं ऐसपैस, आवाजानं बारीक. घरालगतच्या पडवीत एक खड्डा, छताला चेनकप्पी, भिंतीवर पान्यांच्या आकारांची चित्रं काढलेली, ज्याचं त्याच्या जागी टांगलेलं. मामांनी अंगणात येऊन बोनेट उघडलं, ब्लॉकवरून बोट फिरवलं, तड्यापाशी थांबले. “हे गेलं,” म्हणाले. “या जातीचं दुसरंही मिळायचं नाही, मिळालं तर तेही असंच म्हातारं. पण एका व्हॅनचं इंजिन आहे माझ्याकडे, चांगलं आहे. इंजिन ज्यावर टेकतं ते माउंटिंग बदलावं लागेल, गिअरबॉक्सला जोडायला मधे एक पट्टी करावी लागेल. बसेल.”

“आणि आवाज?”

“आवाज कसला? कळणारसुद्धा नाही चालू आहे का बंद.” मामांनी हे वाखाणायच्या सुरात सांगितलं. त्याचा चेहरा का पडला ते त्यांना समजेना.

म्हणून ते सकाळपासूनचं भांडण.

“बाबा, तुम्ही एकदा स्पष्ट बोला त्यांच्याशी,” लेक शेवटी म्हणाली. रडं थांबलं होतं, पण मूल टक्क जागं होतं. “होत असेल आवाज तर होईल. नसेल होत तर निदान गाडी तरी चालेल. मला ही पोर झोपवायचीय, बाकी मला काही नको.”

“आणि मला अंगण,” बायको म्हणाली आणि सुरी परत उचलली.

तो गेला. मामा खड्ड्यात होते, वर नुसतं डोकं. त्यानं सगळं सांगितलं, वडलांचं, सैल करून घेतलेल्या टॅपेटचं, घरातल्या झोपेचं. मामांनी मधे एकदाही हसू येऊ दिलं नाही. ऐकून झाल्यावर पुसायच्या कापडानं कपाळ पुसलं, त्यामुळे ते आणखी काळं झालं.

“काका, तुमचे वडील भेटायला हवे होते मला,” ते म्हणाले. “पण या इंजिनात ते होणार नाही. जुन्यात फट असायची, ती कमीजास्त करता यायची. यात फट राहतच नाही, तेलाच्या दाबानं आपोआप भरून निघते. सैल करायला माझ्या हातात काही नाहीच. खोटा आवाज करायचा तर एखादा पत्रा सैल ठेवीन कुठंतरी. पण ते तुम्हालाच आवडणार नाही.”

तो खड्ड्याच्या काठावर बसला. बायकोनं सांगितलेला डबा त्याच्या डोळ्यांपुढं आला. पत्रा काय, डबा काय.

“बसवा,” तो म्हणाला.

गाडी ओढून मामांच्या पडवीत नेली. जुनं इंजिन निघालं तेव्हा तो तिथं होता. चेनकप्पी कुरकुरली आणि ते हळूहळू वर आलं, साखळीला लटकून जरासं गोल फिरलं, जणू शेवटचं सगळीकडे बघून घेतंय. खाली गाडीच्या पोटात मोठा काळा खड्डा. त्या खड्ड्याकडे बघताना त्याच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण झोपलो ते या खड्ड्यातल्या आवाजावर. आता आपल्या वाट्याला ती झोप नाही. लेकीच्या लेकीचं काहीतरी होईल, लहान आहे, दुसऱ्या कशावर शिकेल झोपायला.

नवं इंजिन बसलं त्या दुपारी मामांचा निरोप आला. तो दुकान लवकर बंद करून गेला. मामांनी सेल्फ मारला. काही झालं नाही असं त्याला वाटलं.

“चालू आहे,” मामा म्हणाले.

त्यानं बोनेटवर हात ठेवला. अगदी बारीक थरथर होती, मनगटाच्या नाडीसारखी.

“बसा, एक चक्कर मारून आणू. पुढं नको, डावीकडची सीट काढलीय, खाली वायरी ओढायच्यात. आणि स्टीअरिंगवर आज मीच बसतो, नवा क्लच आहे, माझ्या पायाला समजला पाहिजे. तुम्ही मागं बसा.”

तो मागं बसला. दाराचं हँडल आतून एवढं खाली असतं हे तो विसरून गेला होता. सीटच्या शिवणीत बोट गेलं, तिथं लहानपणी त्यानंच उसवलेलं भोक अजून होतं. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले. गाडी रस्त्याला लागली. मामांची मान जाड होती, वडलांची सडपातळ; पण केस तसेच खाली येऊन वळलेले. तळ्याकडचं वळण आलं. ब्रेक दाबायला त्याचा पाय आपोआप पुढं गेला आणि कशावरच पडला नाही. तिथं पायाखाली नुसती चटई होती. गाडी त्याच्याशिवायच वळली. पूल आला, तोही त्याच्याशिवाय गेला. बाहेरची झाडं एकमेकांत मिसळायला लागली. समोरून कोण येतंय, मागं कोण आहे, चढाला गिअर कधी टाकायचा, याची चौकशी त्याच्याकडे कुणी करत नव्हतं. उतार लागला तेव्हा तो टकटकीची वाट बघत होता. ती आली का नाही, ते त्याला कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरून पडवीच्या पायरीवर आलं होतं. गाडी गॅरेजमधे उभी होती. मामा पायरीवर बसून चहा पीत होते. कुणीतरी त्याच्या बाजूची काच बोटभर खाली करून ठेवली होती.

“उठवलं का नाहीत?”

“वाटेतच झोपलात. मग म्हटलं झोपू द्या. आणि तुम्हाला आवाज हवा होता ना, तोही झाला. तुमच्या घोरण्यानं माझा पान्यांचा खोका वाजत होता.”

तो हसला, पण उठला नाही. अंग जड आणि ऊबदार झालं होतं, मनात काहीतरी सावकाश जागेवर बसत होतं. आवाज नव्हता आणि झोप लागली होती. वडील असते तर म्हणाले असते, काच एका वेळी एकच बदलायची. बसायच्या जागेची काच त्यानं कधी बदलून पाहिलीच नव्हती. वडील गेल्यापासून तो मागच्या सीटवर एकदाही बसला नव्हता. टकटक तीच होती, रस्ता तोच होता, फक्त पुढं दुसरं कुणी नव्हतं. झोप त्या फटीत नव्हती, ती पुढं बसलेल्या माणसात होती. लहानपणी आवाज गेला तेव्हा पोरं जागली ती नव्या शांततेच्या नवलानं; वडलांनी सवय होऊ दिली नव्हती. आणि इतकी वर्षं तो आभार मानत बसला होता टॅपेटचे.

“मामा,” तो मागूनच म्हणाला, “एक विचारू? ज्या माणसाला गाडी लागते, त्याला गाडी चालवायला येईल?”

“अलबत. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही कधी. माझी बहीण नाही का? पूर्वी पिशवी घेतल्याशिवाय पायरी चढायची नाही. आता शाळेची व्हॅन चालवते. बायकांना शिकवतेसुद्धा, सुटीच्या दिवशी. ओरडते फार, पण शिकवते.”

मामांनी वायरी ओढून पुढची सीट बसवल्यावर संध्याकाळी तो गाडी घेऊन घरी आला. फाटकाशी नेहमी कुणीतरी आधीच येऊन उभं असायचं, आवाज वळणावरूनच कळायचा. आज कुणी आलं नाही. त्यानं स्वतः उतरून फाटक उघडलं. अंगणभर दोऱ्या बांधल्या होत्या, चादरी फुगून हलत होत्या, आणि बायको त्यांच्यामागून एकदम बाहेर आली.

“आलात? गाडीसकट? मला कळलंसुद्धा नाही.” तिनं गाडीकडे बघितलं, मग चादरींकडे. “आता हे सगळं कुठं वाळवू?”

लेक तान्हीला घेऊन धावत आली आणि तशीच मागं बसली. “बाबा, एक चक्कर. आत्ताच्या आत्ता.” त्यानं मारली. बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जायच्या आत आरशात दोन माना कलंडलेल्या दिसल्या, एक लहान, एक मोठी. त्यानं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्याला हेवा वाटला, आणि हेवा वाटतोय हे कळल्यावर बरंही वाटलं.

जेवताना घर शांत होतं. पाळण्यातून श्वासाचा आवाज येत होता. बायकोनं भाजी वाढली आणि विजयी वीरासारखी बोलली, “म्हणजे आवाजाशिवाय झोपली पोर. मग इतके महिने कशासाठी डोकं खाल्लंत आमचं?”

“मी पण झोपलो,” तो म्हणाला.

“कधी?”

“दुपारी. गाडीत.”

“चालवताना?” तिचा हात थांबला.

“नाही. मागं बसून. मामा चालवत होते.”

लेकीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या तिनं कळतं वय झाल्यापासून पाहिल्या होत्या; त्या त्याच्या चेहऱ्याचाच भाग आहेत, अशी तिची समजूत होती. आज त्या जराशा उतरल्या होत्या. तिनं त्याच्या ताटाकडे भाजीचं भांडं सरकवलं.

“बरं मग?” बायको म्हणाली. “आता काय मामांना घरी आणून ठेवायचं?”

“नको,” तो म्हणाला. तो पाणी प्याला, त्यानं भांडं खाली ठेवलं. “उद्यापासून मी गाडी चालवणार नाही. तू चालवायचीस. उद्या सुटी आहे, मामांची बहीण सकाळी शिकवायला येतेय. मी मागं बसणार.”